आख्यानकाव्याची चिरफाड कशी करावी

साहित्य: पोथी, चष्मा, दोन्ही हातांची बोटं. शिवाय श्रावण, कारण तेव्हा आमच्या नेकनूरच्या घरी 'पांडवप्रताप' लागतो आणि ऐकणारे उठून जाऊ शकत नाहीत.

पहिला नियम, कथा ऐकू नये. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तरी आपलं ध्यान लघु-गुरूवर. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन; पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर ऱ्हस्वाच्याही दोन. 'सत्य'मधला 'स' गुरू, पण 'तुम्ही'तला 'तु' लघूच, तिथं जोर पडत नाही. आमचे तात्या, निवृत्त मराठी शिक्षक, हे इतकं सुरेख समजावतात की द्रौपदी पंधरा मिनिटं तशीच उभी राहते.

मग 'यमाताराजभानसलगा' म्हणत तीन-तीन अक्षरांचे गण पाडावेत. नेकनूर म्हणजे 'र' गण, वर एक लघू. हे बीडच्या एसटीत कंडक्टरलाही सांगून झालंय. त्यानं सुटे पैसे मागितले.

मात्रांची हौस असेल तर मोरोपंत धरावेत. त्यांची आर्या बहुतेक ठिकाणी गीती असते: 12, 18, 12, 18. त्यांनी 108 रामायणं रचली. त्यातलं निरोष्ठ रामायण ओठाला ओठ न लावता वाचता येतं, म्हणजे तोंडात तंबाखू चालते. हा शोध तात्यांचा.

यमक कानानं तपासावं, डोळ्यानं नाही.

ओवीला मात्र गण लावू नयेत. 'पांडवप्रताप' रचणाऱ्या श्रीधरस्वामींच्या ओवीत अक्षरांचा हिशेब नाही. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड नि मोकळा. तात्यांना हे ठाऊक आहे, माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना' त्यांच्या उशाशी असते. तरी बोटं थांबत नाहीत. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी, सुमारे 40 फूट कापडावर लिहिलेल्या ओव्या, तीही त्यांना मोजायचीय.

आजी शाळेत गेलेली नाही. तिसऱ्या चरणाला तिची मान हलते, चौथ्याला 'हं' येतो. परवा एका ओवीचा शेवट कसरीनं खाल्लेला होता, तात्या गुपचूप पुढं सरकले. 'हं' आला नाही.

"आरं, पोथी वाचायलास का बोटं मोजायलास? शेवट कुठाय?"

तात्यांनी शेजाऱ्यांची पोथी मागवली.

श्रावणात आलात तर आजीजवळ बसा. तात्यांच्या शेजारी नको. स्वतःची दहा बोटं संपली की ते तुमची धरतात.