आर्द्रताव्रत : विधी, विघ्ने आणि फलश्रुती

संकल्प : हे व्रत पावसाळ्यात धरावे. बेडरूममध्ये दमट वाटते की नाही यावर घरात दोन पक्ष पडले आणि पंखा तीनवर की पाचवर हा प्रश्न सामोपचाराने सुटेना, की मुहूर्त आला असे समजावे. खिडकी उघडून पाहणे हा सोपा उपाय आहे. पण त्याचा आलेख निघत नाही.

साहित्य : पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक, मायक्रोएसडी कार्ड, दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, वायरी आणि आर्द्रता आणि तापमान मोजणारा डीएचटी२२ हा पांढरा, जाळीदार सेन्सर. निळा डीएचटी११ स्वस्त पडतो, पण तापमानात २ अंश इकडेतिकडे होऊ शकतो. पांढरा साधारण अर्धा अंश. घरगुती भांडणाला अर्धा अंश पुष्कळ झाला.

स्थापना : सेन्सरलाही चार पाय असतात. पहिल्याला ३.३ व्होल्ट, दुसऱ्यातून माहिती, चौथा ग्राउंडला. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये रेझिस्टर. तिसऱ्याला काहीच काम नसते. हे सांगताना घरातल्या कोणाकडे पाहू नये. रास्पबेरीवर ३.३ व्होल्टच्या शेजारीच ५ व्होल्टची पिन असते. तिच्या नादी लागू नये, माहितीची पिन जळू शकते. सेन्सर बोर्डाला चिकटवूही नये. बोर्ड स्वतः तापतो आणि आपण खोलीचा म्हणून त्याचाच ताप मोजत बसतो.

नित्यनेम : पायथनमधला चार ओळींचा प्रोग्राम क्रॉन या वेळापत्रक सांभाळणाऱ्या सेवकाच्या हवाली करावा. दर ५ मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८, वर्षाला १,०५,१२०. एवढ्या नियमाने आपण औषधही घेत नाही. सेन्सर २ सेकंदांतून एकदाच बोलतो. त्याला घाई करू नये.

आलेख : उभा अक्ष ० ते १०० ठेवला, तर ८१ आणि ८४ टक्क्यांमधला फरक दिसतही नाही. तोच ८० ते ८५ ठेवला, की सह्याद्री उभा राहतो. आपला पक्ष कोणता ते आधी ठरवावे, मग अक्ष.

विघ्ने : लाइट जाणे हे मुख्य विघ्न. लिहिता लिहिता वीज गेली तर कार्ड बिघडू शकते. शिवाय रास्पबेरी पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत स्वतःचे घड्याळ नसते. वेळ इंटरनेटकडून मागून घ्यावी लागते. वीज आली पण राउटर उशिरा उठला, तर आपला पाय जुन्याच वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि फाइलीत पहाटेचे चार दोनदा वाजतात.

फलश्रुती : आठ दिवसांत घर उघडे पडते. सात दहाला आंघोळ, रविवारी खोलीत वाळत घातलेल्या चादरी, सगळे टेकडीसारखे दिसते. आमच्याकडे मात्र रोज रात्री सव्वादोनला एक सुळका येई. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर संशय घेतला. शेवटी पाळत ठेवली गेली. नोंदी नीट पडताहेत ना, हे बघायला टॉर्च घेऊन सेन्सरवर वाकणारा, त्याच्या जाळीवर श्वास सोडणारा इसम मीच निघालो.

विरोधी पक्षाने तेवढाच सुळका छापून फ्रिजवर लावला आहे. पंखा तीनवर आहे.