रिकामपणाचं वेळापत्रक

जपानला शिकायला निघालेल्या माणसाला सगळे भूकंपाची भीती घालतात. कांजी लिपीची घालतात, कच्च्या माशाची घालतात. सुट्टीची भीती कुणीच घालत नाही. वास्तविक भूकंप झाल्यावर काय करायचं हे तिथल्या बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं: टेबलाखाली शिरायचं. रविवारी काय करायचं, हे मात्र ज्याचं त्याने आधी ठरवून, शक्यतो लेखी, कळवायचं असतं.

ओकायामात आमच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी प्रत्येकाने उठून नाव, देश आणि छंद सांगायचा होता. नाव आणि देश माझ्याकडे होते. छंद नव्हता. पुण्यात वाढलेल्या मुलाला छंद नसतो, कट्टा असतो. संध्याकाळी तिथे जाऊन बसायचं, एकात दोन चहा मागवायचे, जो आला नाही त्याची निंदा करायची आणि तो आला की दुसऱ्या कुणाची तरी. हे सगळं सांगण्याइतकं जपानी मला येत नव्हतं, म्हणून ‘फिरणं’ एवढंच बोलून खाली बसलो. समोरच्या सेनपाईने ते वहीत टिपून घेतलं. सेनपाई म्हणजे सीनियर. जपानात हा माणूस आईवडिलांच्या किंचित खाली आणि प्राध्यापकांच्या किंचित जवळ असतो.

पुढच्याच आठवड्यात मी डोंगर चढणाऱ्या विद्यार्थी मंडळाचा सभासद झालो होतो. सहलीआधी हातात एक छोटी पुस्तिका पडली. बस किती वाजता सुटणार, कुठल्या वळणावर पाणी प्यायचं, 10:40 ते 10:50 विश्रांती आणि शिखरावर ‘मोकळा वेळ, 25 मिनिटं’. सामानाच्या यादीत रेनकोट, डोक्याला लावायची बॅटरी, कचऱ्याची पिशवी आणि घंटा. घंटा अस्वलासाठी. माणूस येतोय हे आधी कळलं की अस्वल वाटेतून बाजूला होतं, म्हणून ती सॅकला बांधायची. जपानात अस्वलालासुद्धा पूर्वसूचना देऊन भेटायला जातात.

डोंगर होता शेजारच्या तोत्तोरी प्रांतातला दाइसेन. उंची 1729 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा 83 मीटरने जास्त. सिंहगड आम्ही पिठलं-भाकरीसाठी चढतो, त्यामुळे चढण संपली की कुणीतरी ताट पुढे करणार अशी माझ्या पायांची समजूत होती. इथे प्रत्येकाने खिशातून काढावी तशी सॅकमधून शेगडी काढली आणि कप नूडल्सचं पाणी तापत ठेवलं. नूडल्स संपल्यावर तळाशी उरलेलं खारट पाणी झुडपात ओतायचं नसतं, प्यायचं असतं. रिकामा कप पिशवीत, पिशवी सॅकमध्ये आणि सॅक पाठीवर घेऊन घरापर्यंत. रस्त्यावर कचऱ्याची पेटी दिसणं जपानात अस्वल दिसण्याहून दुर्मीळ आहे. केळ्याच्या साली मी रेल्वेने घरी नेल्या आहेत. राहता राहिला मोकळा वेळ. त्यात ग्रुप फोटो काढायचा, असं पुढच्या ओळीत छापलेलंच होतं.

विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. ते करून, लॅब करून, झोपून जे उरेल त्यात जपान बघायचा, आणि तोही शिनकानसेनला लांबून नमस्कार करत. गरिबाचा आधार म्हणजे ‘सेइशुन 18’ नावाचं रेल्वेचं तिकीट. 1982 साली निघालं. नावात तारुण्य आहे, 18 आहे, पण वयाची अट नाही. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांच्या काळात मिळतं. 5 दिवसांचं 12,050 येनला, आणि देशभर कुठेही जा, फक्त साध्या गाड्यांनी. पूर्वी पाच मित्र मिळून एकाच दिवशी ते वापरू शकत. 2024 च्या हिवाळ्यापासून ते एकट्याने आणि सलग दिवस वापरायचं झालं, म्हणजे मैत्रीही गेली आणि मधली विश्रांतीही. डब्यात पाहावं तर बहुतेक सगळे निवृत्त आजोबा, गळ्यात कॅमेरा, मांडीवर वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक. देशाचं तारुण्य कुठे असतं कोण जाणे. या तिकिटावर नसतं.

अशाच एका प्रवासात ओकायामाहून ताकामात्सुला निघालो होतो. वाटेत सेतो ओहाशी हा समुद्रावरचा प्रचंड पूल लागतो, 1988 चा. वरून मोटारी, खालून रेल्वे. गाडी मधोमध असताना आईचा फोन आला. जपानी गाडीत फोनवर बोलत नाहीत. कुणी ओरडत नाही, पण सगळा डबा इतक्या सभ्यपणे दुसरीकडे बघतो की ओरडलेलं परवडतं. मी फोन कापून मेसेज केला, ‘पुलावर आहे, बोलता येत नाही.’ ताबडतोब उलट मेसेज: ‘पुलावर काय करतोयस? आधी खाली उतर. मार्कांचं काय ते नंतर बघू.’ पाठोपाठ बाबा, मावशी आणि बंगलोरचा मामा. ताकामात्सुच्या फलाटावर उतरून चौघांना समजावेपर्यंत भूक मेली. मग गावातल्या प्रसिद्ध उदोन नूडल्स खायला रांगेत उभा राहिलो, तर पीठ संपलं म्हणून दुकान बंद. पुणेकराला यात नवीन काही नाही.

ओकायामातच राहून कोराकुएन बाग बघितली नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून एकदा तीही पाहिली. जपानच्या तीन नामांकित बागांपैकी ही एक. इकेदा घराण्यातल्या सरदाराने 1687 मध्ये काम सुरू केलं, 1700 मध्ये ते पुरं झालं. अफाट हिरवळ, तळी, मधेच चहाचा मळा, भाताचं खाचर आणि नदीपलीकडे काळाकुट्ट किल्ला. भारावून जाऊन घरी फोटो पाठवले. बाबांचा फोन: “अरे, हे तर आपलं सिंहगड रोडचं!” त्यात खोटं काही नव्हतं. पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलंय. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे त्याचंच नाव. “यासाठी कर्ज काढलं का आपण? दांडेकर पुलावरून पाच मिनिटं!” मी किल्ल्याचा फोटो पाठवला. तो मात्र सिंहगड रोडला नाही. म्हणाले, “वर सिंहगड आहे की.”

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी साइदाइजी मंदिरात जो उत्सव होतो त्याचे फोटो मी घरी पाठवले नाहीत. सुमारे 10 हजार पुरुष हाडं गोठवणाऱ्या थंडीत लंगोट लावून जमतात, गार पाण्यात उतरून शुद्ध होतात आणि रात्री 10 वाजता दिवे मालवले की वरून पुजाऱ्याने फेकलेल्या लाकडाच्या दोन कांड्यांवर तुटून पडतात. कांडी मिळेल तो वर्षभर भाग्यवान. उतरण्याआधी एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहून ती लंगोटात खोचायची. आपल्या दहीहंडीने एवढं तरी उचलावं. मला कांडी दिसलीसुद्धा नाही. एका धिप्पाड माणसाची पाठ तेवढी दिसली, तीही अगदी जवळून. बातमी शेवटी चुलतभावाकडून कोल्हापूरच्या आजोबांपर्यंत पोचलीच. तरुणपणी तालमीत गेलेला माणूस, फोनवर आवाज भरून आला. म्हणाले, “लंगोट नीट लागला होता न्हवं?” मी सांगितलं, “तिथल्या एका गृहस्थांनी बांधून दिला.” त्यावर त्यांनी फोन आजीकडे दिला.

मार्च संपता संपता आसाही नदीच्या काठावर साकुरा, म्हणजे चेरी, फुलला आणि सेनपाईने मला निळी ताडपत्री दिली. हानामीला झाडाखाली सगळ्यांनी बसून खायचं-प्यायचं, तर चांगली जागा सकाळीच धरावी लागते आणि ती धरायची मंडळातल्या सर्वांत नव्या माणसाने.

“काय करायचं असतं?” मी विचारलं.

“बसायचं.”

“दिवसभर?”

“माफ कर,” तो खरोखर ओशाळून म्हणाला, “फार कंटाळवाणं काम आहे.”

मी ताडपत्री पसरली आणि बसलो. शेजारच्या ताडपत्रीवर कुठल्याशा कंपनीने पाठवलेला नवा पोरगा सूट घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन अवघडून बसला होता. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघे. त्याला मी थर्मासमधला चहा दिला, अर्धा. दुपारी बारापर्यंत त्याने लॅपटॉप मिटला, एकपर्यंत टाय सैल केला आणि दोन वाजता आम्ही माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत त्याच्या साहेबाला घेतला. चारच्या सुमारास साहेब संपला, मग साहेबाच्या साहेबाला घेतला. संध्याकाळी दोन्हीकडची मंडळी डबे घेऊन आली तेव्हा पोरगा उठायला तयार नव्हता.

जपानात मी जे जे केलं त्यात एवढं एकच मला कुणी न शिकवता उत्तम आलं. तेव्हा मार्चअखेर तुमच्यापैकी कुणी ओकायामाला येणार असाल तर खुशाल या, आसाही नदीकाठी निळ्या ताडपत्रीवर जागा धरून ठेवतो. चपला मात्र कडेला काढा, आणि आपापला कचरा पुण्याला घेऊन जा.