वास येतो तो किनारा

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना ‘ट्रॉपिकल’ समुद्र दाखवायचा, हे कफ परेडच्या टॉवरांत जानेवारीतच ठरतं. वाद असतो तो फुकेत की मालदीव एवढाच. अपेक्षा साध्या: रंगीत होड्या, ताजी मासळी आणि मुलांना स्थानिक जीवनाची ओळख. मुंबईही कर्कवृत्ताच्या दक्षिणेलाच, 19 अंशांवर येते आणि होड्या, मासळी, स्थानिक जीवन हे सगळं खिडकीखालच्या मच्छीमार नगरात रोज हजर असतं. पण त्या वासाची सोसायटीच्या सभेत तक्रार होते. परदेशात तोच वास छाती भरून घेतात. पॅकेजमध्ये धरलेला असतो ना! मुलं तिथेही फ्रेंच फ्राइजच खातात, ते सोडा.

खाली कोळ्यांच्या घरात सुट्टीचं गणित निराळंच. मेमध्ये शाळा बंद, तर होड्या दर्यात. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते, होड्या वर ओढतात, बाप घरी येतो. तोवर जूनच्या मध्याला शाळा उघडते. मधला पंधरवडा जाळ्यांच्या डागडुजीचा, वर धो धो पाऊस. मत्स्यव्यवसाय आणि शिक्षण ही दोन खाती एवढी एकदिलाने दुसरं काही करत असतील असं वाटत नाही.

मग सहल कुठली? चैत्रात कार्ल्याची एकवीरा. म्हणजे समुद्राकडे पाठ करून थेट डोंगरावर. बरोबरच आहे. रोजच्या कामाच्या जागी आरामखुर्ची टाकून बसायचे पैसे कोण मोजेल?