मनगटाला फुटलेले पाय

रात्री पावणेबाराला वरच्या मजल्यावरून धप-धप ऐकू आलं तरी आमच्याकडे आता कुणी दचकत नाही. वरच्या काकांच्या घड्याळात दिवसाची पावलं कमी पडलेली असतात. हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल, आणि बाराच्या आत एकदाचं 'टुंग'. काका तंदुरुस्त झाले. झोपा आता.

दहा हजार! हा आकडा एखाद्या थोर वैद्याने काढला असेल, अशी माझी समजूत होती. मग कळलं, 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि पुढच्याच वर्षी जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. बारशाला ठेवलेलं नाव ते. आमच्या सोसायटीत त्याची एकादशी झाली.

मलाही मुलाने घड्याळ आणून दिलं. मोजायची पावलं, बांधायचं मनगटाला! म्हणजे ते बघतं काय, तर हात किती हलतोय. मंडईतून दोन्ही हातांत पाच-पाच किलोच्या पिशव्या घेऊन घामाघूम घरी पोचलो, तर घड्याळ म्हणतं, 'बराच वेळ बसून आहात, जरा उठा.' तो अपमान मी गिळला. मग गणपती आले. आरतीला एका जागी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि सहज पाहिलं, तर साडेतीनशे पावलं! त्यानंतर मला धीर धरवेना. सोसायटीची आरती, समोरच्या मंडळाची आरती, मागच्या गल्लीत ज्यांचं आडनावही ठाऊक नाही त्यांच्या घरची आरती. मंत्रपुष्पांजली सुरू झाली की मी चपला शोधायचो, कारण तिथे हात जोडलेले, पावलं शून्य. झांज मिळाली तर सोन्याहून पिवळं. एका घरी तर झांजेसाठी मी सात वर्षांच्या मुलाशी भांडलो. दहा दिवसांत पावलं लाखावर गेली आणि वजन दोन किलोंनी वाढलं. प्रत्येक आरतीला प्रसाद असतो हो.

तुम्ही म्हणाल, सरळ रस्त्यावर जाऊन चाला की! कुठून चालू? फुटपाथवर आधी वडापावची गाडी, मग चार दुचाकी, मग विजेचा डबा, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग खड्डा, आणि खड्ड्याच्या पलीकडे 'निरोगी रहा, रोज चाला' असा कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, तोही चालायच्या जागेतच रोवलेला! माझ्या शेजारणीचा घोटा तिथेच मुरगळला. सहा आठवडे प्लास्टर. आणि आम्हाला रोज सकाळी प्रेरणेचे संदेश येतात! अरे, चालणाऱ्याला प्रेरणा नको आहे, फूटभर सपाट जमीन हवी आहे. ती देता येत नाही म्हणून मनगटावर टुंग-टुंग.

असो. रक्तदाब वाढला, तेही घड्याळाने दाखवलं.

काकांचं धप-धप मात्र गेल्या आठवड्यापासून बंद आहे. आमच्या मजल्यांवर पोळ्या करणाऱ्या बाई आहेत. कणीक मळताना आणि लाटताना पावलं भराभर पडतात, हा शोध काकांचा. परवा बाई आमच्याकडे आल्या तेव्हा दोन्ही हातांत मिळून पाच घड्याळं होती. मी माझंही सोडून पुढे केलं. बाईंनी आधी दर सांगितला: साध्या पोळीला महिना दोनशे, पुरणपोळीचे वेगळे.