बटण, बटण, बटण

सगळं आता घरबसल्या होतं. सातबारा घरबसल्या, बँक घरबसल्या, पेन्शनीसाठी आपण अजून जिवंत आहोत हे कळवणंही घरबसल्या. वाशीम जिल्ह्यातला माणूस हल्ली उठतो तरी कशाला, असा प्रश्न मुंबईला पडत असणार. तरीही मानोऱ्यात काय नि रिसोडात काय, ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानापुढची गर्दी हटत नाही. त्या गर्दीत अधूनमधून एक माणूस दिसतो. हातात पांढरी काठी, कानात इयरफोन, खिशात स्वतःचा धडधाकट अँड्रॉइड फोन. फोनला रिचार्ज आहे, बोटं चालतात, डोकं तर फॉर्म भरून देणाऱ्या पोरापेक्षा वेगानं चालतं. मग हा इथं कशाला? घरबसल्या दाबायचं बटण नेमकं कोणतं, एवढंच विचारायला तो एसटीनं तालुक्याला आलेला असतो.

"काय म्हनते फोन, काका?"

"बटन म्हनते."

"कायचं बटन?"

"थेच तं नाही सांगत ना बाप्पा!"

ज्यांच्या डोळ्यांनी अजून साथ सोडलेली नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो. अँड्रॉइड फोनात टॉकबॅक नावाची सोय फुकट असते, आयफोनात व्हॉइसओव्हर असतो. तो सुरू करून पडद्यावर बोट उजवीकडे सरकवत गेलं की फोन एकेक गोष्ट वाचून दाखवतो. हवी ती आली की दोनदा टॅप करायचं. मराठीतही वाचतो. अट एकच, बनवणाऱ्यानं बटणाला आतून नाव दिलेलं असलं पाहिजे. डोळसाला तिथं घराचं, घंटेचं, तीन आडव्या रेघांचं चित्र दिसतं. फोन लिहिलेलं वाचतो, आणि लिहिलेलंच नसेल तर 'बटण' म्हणून मोकळा होतो. पुढे सरका, 'बटण'. आणखी पुढे, 'प्रतिमा'. मग पुन्हा 'बटण'. किराणा दुकानातल्या सगळ्या बरण्यांवर नुसतं 'बरणी' असं लिहून ठेवावं, तसा हा कारभार. नाव द्यायला प्रोग्रॅमरला एक ओळ पुरते. पण बटण निळं असावं की आकाशी यावर बैठका घेणाऱ्यांना त्या ओळीचा मुहूर्त सापडत नाही. नवा टॉकबॅक काही चिन्हं ओळखून अंदाज सांगतो म्हणा. ज्यांना पैसे अंदाजानं पाठवायची हौस आहे त्यांनी तो जरूर वापरावा.

बरं, यंत्राला बोलतं करण्याची विद्या काही परक्या मुलखातून उसनी आणायची नव्हती. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. १४ व्या वर्षी काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. पुढे ते आयआयटी मुंबईत शिकले, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गणिताची समीकरणं कानानं कशी वाचता येतील यावर त्यांनी डॉक्टरेट केली आणि २००५ मध्ये गूगलमध्ये गेले. अँड्रॉइडला २००९ च्या सुमारास वाचा फुटली, ती फोडणाऱ्या पहिल्या मंडळींत ते होते. म्हणजे अंध माणसानं आपल्या वाटचं काम केव्हाच उरकलं. बटणांना नावं देण्याचं किरकोळ काम तेवढं डोळसांवर सोपवलं होतं.

आणि अंधांना हे जमत नाही, असं वाशीमात तरी कोणी बोलू नये. केकतउमऱ्याच्या 'चेतन सेवांकुर' या संस्थेचे अंध कलावंत अख्खा वाद्यवृंद कानावर चालवतात. ज्याला ढोलकीची थाप चुकत नाही त्याला फोनचं बटण चुकतं, यात दोष कोणाचा हे ओळखायला डोळे कशाला लागतात?

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे सुधारणा. एखादं ॲप माणूस महिनाभर खपून पाठ करतो. तिसऱ्या सरकवणीला शिल्लक, सातव्या सरकवणीला पैसे पाठवा. बटणं मुकी असली तरी मोजणी पक्की. मग एका रात्री ॲप आपोआप अद्ययावत होतं. सकाळी सातव्या जागी कर्जाची जाहिरात येऊन बसलेली असते, आणि पैसे पाठवायला गेलेल्या माणसाला दोन टॅपांत कळतं की आपण पाच लाखांच्या कर्जाला पात्र आहोत. काय बदललं, याच्या खुलाशात दरवेळी एकच लिहिलेलं असतं, किरकोळ दोष काढले, कामगिरी सुधारली. ज्याचा दोष काढला गेला तो बहुधा हाच वापरकर्ता असावा. शहाणा माणूस आपोआप अद्ययावत होणं बंद करून ठेवतो. मग ॲपच एके दिवशी दार लावून घेतं आणि सांगतं, आधी अद्ययावत व्हा, मग या.

बँकांची गोष्ट निराळी, तिथं सुरक्षा असते. काही ॲपांत पिन टाकायच्या पाटीवरचे आकडे दरवेळी जागा बदलतात आणि चोरानं ऐकू नये म्हणून बोलतही नाहीत. काही ॲपांना फोनात पडदा वाचणारं काहीतरी चालू आहे याचा वास लागतो आणि ती काम करायचंच नाकारतात. भीती अगदीच खोटी नाही. याच परवानगीतून आत शिरून खाती धुणारे भामटे आहेतच. पण भामटा कोण आणि खातेदार कोण, हे ठरवण्याची तसदी कोण घेणार? दोघांनाही बाहेर ठेवलं की काम सोपं. एवढ्या कडेकोट बंदोबस्ताचा परिणाम असा की पिन ज्याचा आहे त्याला तो टाकता येत नाही. पुतण्याला, शेजारणीला आणि त्या ऑनलाइन दुकानातल्या पोराला मात्र तो तोंडपाठ असतो. पूर्वी अंगठा लावून काउंटरवर पैसे घेताना निदान साक्षीदार मोजके असत.

त्यातही बोलक्या डब्याची कमाल आहे. चहाच्या टपरीवर दहा रुपये जमा झाले की तो छोटा स्पीकर आख्ख्या चौकाला ओरडून सांगतो. दुकानदाराचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, समोर फोनही आहे, तरी त्याला ऐकू यावं म्हणून कंपनीनं खास यंत्र बनवून महिन्याच्या भाड्यानं दिलं. कारण त्या ऐकण्यात धंदा आहे. पैसे देणारा अंध असेल तर त्याच्या बाजूचा पडदा मौनव्रत पाळतो.

आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्याचीही एक परीक्षा असते, तिला कॅप्चा म्हणतात. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, नाही तर नऊ चौकटींतून झेब्रा क्रॉसिंग निवडा. (आमच्या जिल्ह्यात ही दुसरी परीक्षा डोळसांनाही जड जाईल.) काही ठिकाणी ऐकून लिहायची सोय असते. ती कढईत काहीतरी तळलं जात असताना कोणी इंग्रजीत आकडे पुटपुटल्यासारखी ऐकू येते. तोवर ओटीपीची मुदत संपते. म्हणजे यंत्राच्या लेखी हा माणूस नाही. सरकारी पत्रकाचंही तेच, सही-शिक्क्यासह स्कॅन केलेला कागद फोनच्या लेखी निव्वळ चित्र. जुन्या फॉन्टातली मराठी असेल तर फोन काहीच्या बाही इंग्रजी अक्षरं वाचत सुटतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्याची यादीही फोटो होऊनच व्हॉट्सॲपवर फिरते. दिव्यांग हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनं दिव्यांगत्वाची टक्केवारी ओळखू यावी म्हणून ओळखपत्रालाच पांढरा, पिवळा आणि निळा असे तीन रंग दिले. ज्याचं कार्ड त्याला रंग दिसो न दिसो, साहेबांना दिसला म्हणजे झालं.

आता शेताकडे चला, कारण हा सोयाबीनचा जिल्हा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा, हे तिचं घोषवाक्य. या 'मीच'नं आमच्या डोळ्यांत पाणी आलं. अंध शेतकरी बांधावर उभा राहतो. सोयाबीनच्या सहा तासांनंतर तुरीचं तास कुठं लागतं ते त्याच्या पायांना ठाऊक असतं. शेंग बोटांनी चाचपली की दाणा भरला की नाही ते तो सांगतो, आणि सोंगणीच्या दिवसांत वाळल्या शेंगांच्या खुळखुळण्यावरून उद्या मजूर सांगायचे की परवा हे ठरवतो. ॲपला यातलं काहीच नको असतं. त्याला फोटो हवा असतो. फोन धरायचा, पीक चौकटीत आणायचं आणि कळ दाबायची. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी शासनानं सहायक नेमलेत, हे कबूल करायला हवं. मग त्या घोषवाक्यातल्या 'मीच'च्या जागी सहायकाचं नाव घालावं, एवढीच विनंती. कारण नोंद नसली की विमा अडतो आणि हमीभावाच्या खरेदीला सातबारा पुरत नाही. पीक शेतात उभं असतं आणि कागदावर पडीक.

यावर कडी केली ती चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांनी. २०२१ पासून पेन्शनरांना हयातीचा दाखला चेहरा दाखवूनही मिळतो. चेहरा गोलात आणा, स्थिर राहा, पापणी लववा. गोल कुठं आहे ते विचारायचं नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेत खातं उघडताना पापणी लववता येईना, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अंध वकील अमर जैन यांचीही याचिका होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांनी डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि २० निर्देश दिले. पापणी लववल्याशिवायही माणूस जिवंत असू शकतो, या शोधासाठी देशाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

तेव्हा कायदा नाही असं कोणी म्हणू नये. कायदा भरपूर आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ चे, आणि सेवा देणाऱ्यांनी त्यानंतर दोन वर्षांत सेवा सुगम करायच्या होत्या. म्हणजे जून २०१९. मोबाइल आणि संगणकासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. पण ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं, तर कायदा 'करावंच लागेल' म्हणतो आणि नियम मात्र 'करावं, अशी शिफारस' म्हणतात. तो नियम न्यायालयानं कायद्याबाहेरचा ठरवला आणि बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. बटणाला नाव द्यायला लागणारी ओळ मात्र अजून एकच आहे.

आमचा प्रस्ताव साधा आहे, खर्चही नाही. यापुढे राज्यात कुठल्याही ॲपचं लोकार्पण वाशीमलाच करावं. १ जुलै १९९८ ला जिल्हा झाला तेव्हापासून आम्हाला कार्यक्रमांची हौस आहे, आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असल्यामुळे आमच्या आकांक्षा सगळ्यांना माहीत आहेतच. मंत्रिमहोदयांनी फीत कापू नये. त्यांच्या हाती फोन द्यावा, पडदा काळा करावा, आणि त्यांनी तो अर्ज सगळ्यांसमक्ष नुसत्या कानावर भरून दाखवावा. ॲप बनवणाऱ्या कंपनीचे साहेब शेजारी बसतील, पण बोलणार नाहीत. ओटीपीची मुदत वाढवून मिळणार नाही. मदतीला हवं तर फॉर्म भरून देणारं ते पोरगं ठेवावं, नेहमीच्या दरानं.

तयारीसाठी एक सूचना. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून धरली की टॉकबॅक सुरू होतो. बंदही तसाच होतो, पण ते साहेबांना आधी सांगू नये.