आमच्याकडून ओके आहे

फोन वाजला की नेट जातं. डोंबिवली पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांच्या घरी पाऊस सुरू झाल्यापासून हा नियम न चुकता पाळला जातो आहे. नात ऑनलाइन परीक्षेला बसते, सातव्या प्रश्नावर येते, आणि नेमकी तेव्हाच बदलापूरच्या बहिणीला भावाची आठवण होते. काळ्या डायलच्या फोनची घंटा घणघणते, मोडेमवरचा हिरवा दिवा दोनदा मिचकतो आणि विझतो. फोन उचलावा तर बहिणीच्या आवाजामागे कुणीतरी कढईत मोहरी तडतडवत असतं.

"काय रे दादा, काय चाललंय?"

"काही चालत नाहीये," काका म्हणतात. उत्तर तंत्रदृष्ट्या अचूक असतं.

डायलचा फोन काकांनी अजून भंगारात दिलेला नाही, कारण तो त्यांना फुकट मिळालेला नाही. तो मिळवायला त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांचं लग्न ठरत होतं, आणि फोन घरात आला तेव्हा मुलगा पहिलीत होता. त्या काळी अशी प्रतीक्षा करणारं घर गल्लीगल्लीत होतं. शशी थरूर यांनी २००९ साली टेडच्या व्यासपीठावर त्या दिवसांची एक गोष्ट सांगितली होती. फोन सतत बिघडतात अशी ओरड संसदेत झाली, तेव्हा मंत्रिमहोदय म्हणाले की फोन ही चैन आहे, हक्क नव्हे. ज्याला सेवा आवडत नसेल त्याने फोन परत करावा, घ्यायला रांग लागलेली आहे. आज इतकं सरळ कुणी बोलत नाही. आज 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगतात आणि संतूर लावून देतात.

तक्रार १९८ वर करायची. पण तिथलं यंत्र 'मराठीसाठी एक दाबा' म्हणतं आणि डायलच्या फोनवर दाबायला काही नसतं. त्यावर आकडे फिरवतात. १ फिरवला की लाइनमधला प्रवाह एकदा तुटतो, ८ फिरवला की आठ वेळा, आणि एक्स्चेंज त्या टकटकी मोजतं. तक्रार घेणाऱ्या यंत्राला मात्र बटणाचा सूर लागतो. टकटक त्याच्या खिजगणतीत नसते. म्हणून तक्रार काकूंच्या मोबाइलवरून होते. तीही स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या डावीकडून तिसऱ्या गजाला टेकून, कारण तळमजल्यावर रेंज फक्त त्या गजापाशी येते.

"मॅडम, राउटर बंद करून चालू केला का?"

"चार वेळा केला."

"एकदा परत करता का प्लीज?"

या प्रश्नाची टिंगल खूप होते, पण त्यात तथ्य आहे. मोडेम हा एक छोटा संगणकच. त्याची स्मरणशक्ती बेताची. दिवसरात्र चालून तो कुठेतरी अडकतो आणि बंद केला की सगळं विसरून ताजातवाना होतो. तांब्याच्या तारेवरचा मोडेम त्यापुढे आणखी एक काम करतो. चालू होताच तो एक्स्चेंजमधल्या यंत्राशी पत्रिका जुळवायला बसतो: कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे, कुठे किती माहिती पाठवता येईल. गोंगाट जास्त असेल तर दोघं कमी वेगावर तडजोड करतात. नेट येतं, ग्राहक खूश, तक्रार बंद. बिघाड जिथे होता तिथेच असतो, फक्त आता तो वेग कमी करून नांदतो.

वेगाचं म्हणाल तर 'ब्रॉडबँड' हा शब्द आपल्याकडे सरकारी व्याख्येनुसार वयात येत गेला. २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणावं असं ठरलं. २०१३ साली ते ५१२ झालं, आणि २ एमबीपीएसची अट यायला २०२३ उजाडलं. जाहिरातीत मात्र वेगाच्या आकड्यापुढे 'पर्यंत' हा शब्द असतो, मुंगीने वाचावा एवढ्या अक्षरात. 'शंभरपर्यंत' या आश्वासनात शून्यही बसतं. काकांच्या मुलाला दहावीला गणितात शंभरपर्यंत गुण मिळाले होते. निकाल लागल्यावर घरात तीन दिवस कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या मोबाइलवर निरोप आला: 'लाइन तपासली. आमच्याकडून ओके आहे.'

गंमत म्हणजे निरोप खरा होता. टेलिफोनच्या दोन तारांवर एक्स्चेंजकडून साधारण ४८ व्होल्टची वीज कायम असते. घंटा वाजवायची तर त्यावर ७५ ते ९० व्होल्टचा धक्का चढतो. बोलणं चालतं ते साडेतीन हजार हर्ट्झच्या खाली. त्याच तारांवर इंटरनेट २५ हजार हर्ट्झच्या वरून थेट दहा-अकरा लाखांपर्यंत धावतं. एका रस्त्यावर बैलगाडी आणि रेसची गाडी, मधे दुभाजक म्हणून तो चिमुकला स्प्लिटर. आता या रस्त्यात कुठेतरी गंजलेला जोड असला की गंजाचा पातळ थर वीज अडवतो. घंटेचा धक्का आला की तो थर चरचरतो, गोंगाट उसळतो आणि नेटचा श्वास कोंडतो. पण तोच धक्का थराला भोकही पाडतो, आणि मग काही काळ जोड ठणठणीत होतो. म्हणजे तपासायला कुणी घंटा वाजवली की रोगी उठून बसतो. डॉक्टरांच्या दारात पोचल्यावर दाढदुखी थांबते, तशातला प्रकार. त्यातून तपासणी होते दुपारी अडीचला, कडक उन्हात. जोडात पाणी शिरतं रात्री.

फोन आणि नेट यांचं नातंही सरळ नाही. दोन तारांपैकी एक तुटली तर फोन मुका होतो, डायल टोनही येत नाही. नेट मात्र रडतखडत चालू राहू शकतं, कारण त्या उंच फ्रिक्वेन्सी तुटलेल्या जागेवरूनही थोड्याफार उडी मारतात. असा ग्राहक 'फोन डेड आहे' म्हणतो. समोरचा पडद्यावर बघून 'सर, आपलं नेट तर चालू दिसतंय' म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटतो.

शेवटी नातीने प्रकरण हाती घेतलं. तिने शंभरपानी वही काढली आणि दोन रकाने पाडले: 'फोन कधी वाजला', 'नेट कधी गेलं'. मग वाय-फायला दोष द्यायची सोय नको म्हणून मोडेम वायरने लॅपटॉपला जोडला. बेडरूममधलं एक्स्टेन्शन काढलं. स्प्लिटर बदलला. त्यानंतर घरातली सगळी वायर बाजूला ठेवून मोडेम थेट दारावरच्या पहिल्या रोझेटला लावला. तरीही बदलापूरचा फोन आला आणि नेट गेलं. त्या अर्थी दोष घरातला नाही, घराबाहेरचा. चार दिवसांत अकरा वेळा फोन, अकरा वेळा अंधार. वही बघून काकांना भरून आलं. नातीला गणितात किती मिळणार ही चिंताही जरा कमी झाली.

असा छडा लावण्यात जगात मोठमोठे थकलेत. वेल्समधल्या अबरहोसन या खेड्यात रोज सकाळी सातला अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड कोसळायचं. दीड वर्ष तंत्रज्ञ आले, गेले, केबलही बदलून झाली. शेवटी २०२० साली ते पहाटे मुसळधार पावसात यंत्र घेऊन गल्लीबोळ हिंडले, आणि सातच्या ठोक्याला गोंगाट एका घरातून येताना सापडला. तिथे एक जुना टीव्ही होता. मालक रोज सातला तो लावायचा आणि टीव्ही विजेचा असा काही धूर सोडायचा की गावाची लाइन आडवी व्हायची. मालकाने शरमून टीव्ही कायमचा बंद केला. हीच गोष्ट आपल्याकडे घडती तर सोसायटीच्या सभेत ठराव आला असता, टीव्हीवाल्याने आपण १९९२ पासून मेंटेनन्स भरतो हे सांगितलं असतं आणि सातऐवजी साडेसातला टीव्ही लावायचा असा तोडगा निघाला असता.

दक्षिण आफ्रिकेत २००९ साली एका कंपनीचा संयम सुटला. तिथल्या लोकांनी ४ जीबीचं मेमरी कार्ड एका कबुतराच्या पायाला बांधलं आणि सुमारे ८० किलोमीटरवरच्या दुसऱ्या कार्यालयाकडे सोडलं. त्याच वेळी तोच मजकूर एडीएसएलवरून, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या नेटवरून, पाठवायला लावला. विन्स्टन नावाचं ते कबूतर १ तास ८ मिनिटांत पोचलं. कार्ड काढून मजकूर संगणकात उतरवेपर्यंत दोन तास सात मिनिटं झाली. तेवढ्यात लाइनवरून ४ टक्के मजकूर गेला होता. काकांच्या गॅलरीत कबुतरं भरपूर आहेत, त्यांच्यासाठी जाळीही लावली आहे. ही बातमी वाचल्यापासून काकू त्यांना हाकलताना जरा विचार करतात.

'काका, फायबर घ्या ना' असं सांगणारा मुलगा दर आठवड्याला गळ्यात ओळखपत्र घालून येतो. सल्ला वाईट नाही. फायबरची काच गंजत नाही, पावसाला भीत नाही आणि फोनच्या घंटेशी तिचं काही देणंघेणं नाही. पण ती केसाएवढी बारीक असते. तिला फार वाकवलं की प्रकाश वळणावरच गळतो आणि डबीवर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागतो. आपल्याकडे ही काच विजेच्या खांबावरून आंब्याच्या फांदीवर, तिथून गच्चीच्या पाइपला दोन वेढे घेऊन खाली येते. आणखी एक गोष्ट तो मुलगा सांगत नाही. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळायची, त्यामुळे डोंबिवलीत अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरवरचा फोन घरच्या विजेवर असतो. वीज गेली की 'वीज गेली' हे कळवायचा फोनही जातो.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २००९ च्या नियमांत लँडलाइन तीन दिवसांहून जास्त बंद राहिली तर सात दिवसांचं भाडं माफ, सातहून जास्त दिवस राहिली तर पंधरा दिवसांचं, आणि पंधराच्याही पुढे गेली तर महिन्याचं, अशी चढती भाजणी होती. काकांनी ती कात्रण करून ठेवली आहे. त्यांची तक्रार दर वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'निवारण झाले' म्हणून बंद होते आणि तिसऱ्या दिवशी नव्या डॉकेट नंबरने जन्म घेते. हा योगायोग असावा असं काकूंचं मत आहे. काका योगायोगावर विश्वास ठेवत नाहीत. ते सरकारी नोकरीत होते.

सहाव्या डॉकेटला लाइनमन आला. पन्नाशी उलटलेला, खांद्याला रेक्झिनची बॅग, हातात पक्कड. त्याने राउटर बंद करून चालू केला का असं विचारलं नाही. वही दाखवली तर दोन पानं बघून म्हणाला, "पोरीने डायग्नोसिस केलंय. डीपी कुठंय?"

डीपी, म्हणजे सोसायटीच्या फोनतारांचा डबा, जिन्याखाली होता. त्याच्यापुढे दोन सायकली, गेल्या गणपतीचं थर्माकोलचं मखर आणि कुणाचा तरी कूलर. सगळं हलवायला अर्धा तास गेला. पत्र्याच्या डब्याचं झाकण निघाल्यावर आधी एक पाल बाहेर आली. आत तारांचा गुंता होता. लाइनमनने टेस्ट फोनचे चिमटे वरच्या बाजूला लावले: टोन स्वच्छ. जोडाच्या खाली लावले: मोहरी. काळी टेप उलगडली तेव्हा आतून पाण्याचा एक थेंब त्याच्या मनगटावर पडला. दोन तारा हाताने पिळून जोडलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर पितळी भांड्यात चिंचेचं सार राहिलं की चढते तशी हिरवी कळा चढली होती.

"हा जोड कुणी मारला?" काकांनी विचारलं.

लाइनमनने तो उजेडात धरून बघितला. "मीच," तो म्हणाला. "तेव्हा नवीन होतो."

त्याने दोन इंच तार छाटली, टोकं सोलली, आतून जेली भरलेल्या कनेक्टरमध्ये घातली आणि पकडीने दाबली. कट्. दुसरी. कट्. डबा बंद केला, झाकणाला प्लास्टिकची पिशवी बांधली. घरात नातीने बदलापूरला निरोप धाडला. फोन वाजला, दिवा हिरवाच राहिला, आणि बहिणीचा आवाज इतका स्वच्छ आला की तिच्या मागे चाललेलं सुनेशी भांडणही अक्षरन् अक्षर कळलं. लाइनमनने चहा घेतला, पैसे घेतले नाहीत, मखर परत जागेवर ठेवायला मात्र थांबला नाही.

संध्याकाळी डायलचा फोन पुन्हा वाजला. काकांनी उचलला.

"नमस्कार. आपल्या तक्रारीचे निवारण झाले असल्यास एक दाबा. झाले नसल्यास दोन दाबा."

काकांनी फोनकडे बघितलं. मग चष्मा सारखा करून एकच्या भोकात बोट घातलं आणि मनापासून फिरवलं. टक्.

"क्षमस्व. आपला प्रतिसाद मिळाला नाही. समाधानी असल्यास एक दाबा."

टक्.

"अहो, फोनवर ओरडून सांगा," काकू म्हणाल्या. काकांनी ओरडून 'समाधानी' असं सांगितलं. संतूर वाजलं आणि फोन कट झाला.

पाच मिनिटांनी खिडकीच्या तिसऱ्या गजापाशी मोबाइल थरथरला. 'प्रिय ग्राहक, आपल्याशी संपर्क साधला असता प्रतिसाद मिळाला नाही. आपल्या लाइनमध्ये बिघाड असल्याचे दिसते. नवीन तक्रार नोंदवण्यात आली आहे. तोपर्यंत कृपया राउटर बंद करून चालू करावा.'