वाळेल तेवढंच आपलं

वारीला जाऊन आलं की लोक पायांची चौकशी करतात. फोड आले का, गुडघे काय म्हणतात, एवढं चालवतं तरी कसं. कपड्यांची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. वास्तविक आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर पाय कुरकुरत का होईना, कापतातच. संध्याकाळी चिखलात माखलेला परकर दुसऱ्या दिवशी कोरडा करून अंगावर चढवणं, ही खरी साधना. आमच्या दिंडीतल्या एका आजींचं तर ठाम मत आहे, की पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे तो पीतांबर वाळायची वाट बघत.

धुण्याचं म्हणाल तर त्यात काही नाही. बादली, पाणी आणि बरा दगड मिळाला की मराठी बाई कुठंही धुणं काढते. वाळवणं मात्र दैवाधीन. म्हणून वारीला किती कपडे न्यायचे हे घरचं कपाट ठरवत नाही, आभाळ ठरवतं. नवखी मंडळी दिवसाला एक जोड अशा हिशेबानं बॅग भरून आणतात. सासवड येईपर्यंत त्यांच्याजवळ ओल्या कपड्यांचं भलंमोठं गाठोडं असतं आणि घालायला काही नसतं. जुने वारकरी दोन जोड आणतात. एक अंगावर, एक दोरीवर. तिसरा असलाच तर तो एकादशीचा. पिशवीच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. त्याला मध्ये हात लावायचा नाही, मग आभाळ फाटो.

धुणं निघतं पहाटे अडीच-तीनला. उजाडायच्या आत राहुट्या मोडतात, सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामाला निघतो, त्यामुळे जे काय करायचं ते अंधारात, टँकरच्या नळाखाली, बॅटरीच्या उजेडात. त्या रांगेत भांडणंसुद्धा अदबीनं होतात.

"माउली, तुमची बादली माझ्या पुढं कशी आली?"

"माउली, तुम्ही डोळे मिटून उभ्या होता म्हणून."

"नामस्मरण चाललं होतं माझं, माउली."

"मग करा की सावकाश, माउली. पाणी काय पळून जातंय?"

आणि तेवढ्यात पाणी जातं. मग दोघी माउली मिळून टँकरवाल्या माउलीला जे बोलतात, ते कुठल्याच गाथेत नाही.

पाण्याच्याही तऱ्हा आहेत. पुणं मागे पडलं की पुढं बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी. जड. त्यातल्या क्षारांमुळे साबणाची वडी निम्मी झिजली तरी फेस येत नाही, उलट कपड्यावर राखट थर बसतो. तिथं वडी पिशवीत ठेवून पावडरीचा पाच रुपयांचा पुडा फोडावा. पावडर जड पाण्याला त्या मानानं बधत नाही. पावसाचं पाणी याच्या अगदी उलट, इतकं मऊ की वडी नुसती दाखवली तरी फेसच फेस. राहुटीच्या पन्हाळीखाली बादली लावली की धुण्यासाठी जगातलं उत्तम पाणी फुकट मिळतं. ते मिळतं तेव्हा वाळवायची सोय नसते, एवढंच.

डागांचंही थोडं सांगायला हवं. वारीत मुख्य डाग दोन, बुक्क्याचा आणि पिठल्याचा. बुक्का कोरडा असतानाच झटकायचा. पाणी लावून चोळला की कपाळावर शोभणारा टिळा सदऱ्यावर कायमचा वस्तीला येतो. पिठल्याचा डाग त्याहून लबाड. पिवळ्या ठिपक्याला साबण लावला की तो लालभडक होतो आणि नवख्या माणसाला वाटतं, आपल्याला कुठं लागलं की काय. आमच्या यजमानांनी एकदा अशा सदऱ्याकडे पाहून घाईघाईनं पोट चाचपलं होतं. चुना लावला की हळद कुंकवाच्या रंगाची होते ना, साबणातला क्षारही तेच करतो. घाबरायचं कारण नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो. फक्त ऊन पाहिजे.

ऊन! आळंदीहून माउलींची पालखी निघते ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पंढरपूर गाठते आषाढ शुद्ध दशमीला. म्हणजे बरोबर मृगाच्या पावसाचं बोट धरून आर्द्रात शिरायचं. तिथी ठरवताना आमच्या वाळवणाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. तरी त्यातल्या त्यात एक सोय आहे. पुण्यात दोन रात्रींचा मुक्काम असतो आणि दिवेघाट चढून गेल्यावर सासवडलाही. वारीतलं मोठं धुणं या दोन गावांत पडतं. एरवी आपल्या गॅलरीवर दुसऱ्याची सावली पडलेली न खपणारं पुणं त्या दोन दिवसांत स्वतःचे कपडे दोरीवरून काढून आमची धोतरं वाळत घालतं. मी पुण्याची नसल्यामुळे हे मोकळेपणानं सांगू शकते.

सासवडनंतर हवेचा स्वभावच बदलतो. सह्याद्री ढगांना पश्चिमेकडेच पिळून घेतो आणि पलीकडे नुसता पिळा फेकतो. आपण चाललेले असतो त्या पिळ्याखालून. जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस. पाऊस झुरमुर, वारा मात्र मोकाट. शेतकऱ्याला या पर्जन्यछायेनं पिढ्यान्‌पिढ्या रडवलंय, त्यामुळे त्या वाऱ्याचं कौतुक त्याच्या बांधावर बसून करू नये. पण खरं ते सांगते, वाल्ह्याच्या माळावर परकर जसा वाळतो तसा माझ्या घरच्या गॅलरीत मे महिन्यातही वाळत नाही.

आणि लुगडं चालता चालता वाळतं. ही विद्या बघायची तर रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या बायकांकडे बघा. एक बाई पुढं, एक मागं, दोघींनी पदराचे आणि निऱ्यांचे कोपरे धरलेले, मध्ये नऊवारी पसरलेलं. मुखानं हरिनाम. पुढचीनं वेग वाढवला की मागची ओरडते, "अगं फाटंल!" मैलभरात सुती नऊवारी खडखडीत. त्या दोघींच्या मधून वाट काढायचा प्रयत्न करणारा मोटरसायकलवाला मी पाहिलाय. तो हॉर्न वाजवत होता. लुगडं हलेना, शेवटी तोच रस्त्याखाली उतरला.

ट्रकमध्ये मात्र ओला कपडा चुकूनही देऊ नये. दिला की तो थेट पुढच्या मुक्कामाला, दुपार टळल्यावर भेटतो. तोवर ताडपत्रीखालच्या उबेत त्याच्यावर जे काही वाढायचं ते वाढलेलं असतं. त्याचा वास एकदा नाकात बसला की बुक्क्यानंही जात नाही. म्हणून दुपारच्या विसाव्याला आधी कपडे पसरायचे, मग भाकरी सोडायची. कुंपण, उसाचा बांध, रस्त्याच्या मधला कठडा, काहीही चालतं. बाभळीवर मात्र घालू नये. ती कपडा वाळवते, पण परत देत नाही.

माझा एक भाचा आहे, संगणकातला. पुणे ते लोणंद एवढी वारी करायला आला तो जीनची पँट घालून. दिवेघाटात भिजला. त्या पँटीला लोणंदपर्यंत ऊन दाखवलं, वारा दाखवला, एका हॉटेलवाल्याच्या भट्टीचा शेकही दाखवला. खिसे ओले ते ओलेच. पुढच्या वर्षी तो तयारीनं आला. "मावशी, हा क्विक ड्राय. पंधरा मिनिटांत वाळतो." खरोखर वाळला. दिंडीतल्या म्हाताऱ्यांनी हात लावून खात्री केली, किंमत विचारली आणि हात मागे घेतला. तिसऱ्या दिवशी मात्र भाच्याशेजारी जेवायला कोणी बसेना. सुती कपडा धुतला की घामाचा वास सोडतो, हा पॉलिएस्टरचा तो जपून ठेवतो. शेवटी एका बुवांनी त्याला आपला जुना मांजरपाटाचा सदरा दिला. आता दर वर्षी तोच घालतो. पंधरा मिनिटांत नाही वाळत, पण माणसांत बसता येतं.

आता जरा नाजूक विषय. मुक्कामाला राहुटीच्या दोरीवर पुरुषांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या भगव्या पताकेशेजारी निर्धास्त फडकत असतात. वारा त्यांचा, ऊन त्यांचं. बायकांचे आतले कपडे मात्र त्याच दोरीवर आधी टॉवेल, त्यावर परकर, त्यावर लुगडं, अशा तीन पदरांच्या पडद्याआड. ते वाळणार कसे? वाळत नाहीतच. दमट तसेच अंगावर चढतात, मग काचतं, मग गजकर्ण होतं, आणि वारीतल्या दवाखान्याच्या गाडीपुढं बायकांची रांग लागते. डॉक्टर मलम देतात आणि सांगतात, "कपडे उन्हात वाळवा, कोरडे घाला." रांगेतल्या सगळ्या जणी मान डोलावतात आणि परत येऊन पुन्हा परकराखाली वाळत घालतात. एका वर्षी मी उघड्यावर घातले. आमच्या यजमानांनी दिवसभर त्या दोरीकडे पाठ करून हरिपाठ म्हटला. पण माझे वाळले. दुसऱ्या दिवशी तिथं आणखी तिघींचे होते. जो देव जनीशेजारी जात्यावर बसला, तो एवढ्यानं विटाळायचा नाही.

दोरीवरचा शेवटचा धोका अदलाबदलीचा. सगळंच पांढरं. सदरा पांढरा, धोतर पांढरं, टोपी पांढरी, आणि फलटणपर्यंत सगळ्यांवरची मळकट झाकही सारखीच. म्हणून पूर्वी परीट शाईची खूण घालायचे तशी आम्ही काठाला रंगीत दोरा भरतो. सगळ्याच दिंडीनं लाल दोरा भरला की त्याचाही उपयोग नाही. यजमान एकदा दुसऱ्याच्या सदऱ्यात अर्धा दिवस चालले. त्या खिशातली तंबाखूची पुडी बघून मी त्यांना नको ते बोलून घेतलं. दुपारच्या विसाव्याला एक गृहस्थ यांचा सदरा घालून आले, हातात यांची रक्तदाबाची गोळी.

"माउली, ही सकाळची की रात्रीची?"

"सकाळची. का हो?"

"घेतली मी एक. म्हटलं, खिशात आहे म्हणजे आपलीच असणार."

या बाबतीत निश्चिंत होते ते गाडगेबाबा. जन्म परटाच्या घरातला, अंगावर मात्र आयुष्यभर रंगीबेरंगी चिंध्या जोडलेलं वस्त्र. ते कोणी चुकून उचललं असण्याची शक्यता नाही. पंढरपुरात त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधून घेतल्या. एकादशीच्या आसपास तिथल्या मठांच्या नि धर्मशाळांच्या गच्च्यांकडे मान वर करून बघावं. कळस दिसायच्या आधी धोतरं दिसतात.

तेव्हा यायचं असेल तर या. सुती कपड्यांचे दोन जोड आणा, एक पंचा आणा. धुतलेला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळून वर पाय देऊन उभं राहिलं की निम्मं पाणी तिथंच निघतं. साबणाचं पाणी नदीत किंवा विहिरीत सोडू नका, बादलीत घेऊन लांब ओता. आणि वारी झाली म्हणून जुने कपडे चंद्रभागेत सोडून यायची जी खोड आहे ती टाका. पुण्य लागत नाही, नदी तुंबते. दोरी आमच्याकडे आहे, जागा सरकून करून देऊ. सेफ्टी पिना मात्र आपापल्या आणा. माझ्या बांगडीत अडकवलेल्या आहेत त्या मी कोणालाही देत नाही, माउली म्हणालात तरी.